दुभंगलेली रेघ

लढाई संपल्यावरच्या उन्हाळ्यात साताऱ्याला सासुरवाडीच्या माळ्यावर मी एक यंत्र उभं केलं. तेव्हा मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. कौलांबाहेर आरसा, भिंगातून आत येणारी रुपयाएवढी सूर्याची प्रतिमा, तिच्यासमोर बारीक फट आणि त्या फटीतल्या उजेडाचे रंग पसरवणारी काच. त्या रंगांत काळ्या रेघा दिसतात. सूर्यावरच्या डागात चुंबकत्व असेल, तर तिथे रेघ दुभंगते. सूर्य सरकेल तसा बायको आरसा हळूहळू फिरवायची. मी फट केसभर सरकवून, रेघ दुभंगेल तिथे कागदावर ठिपका द्यायचो. ठिपक्या-ठिपक्यांनी न दिसणाऱ्या चुंबकत्वाचं चित्र उमटत जाई.

सासरे निवृत्त सुभेदार. धाकटा मुलगा जपानशी लढताना ब्रह्मदेशात बेपत्ता झालेला. कैदेतून सुटलेल्यांची नावं सांगतात म्हणून ते खाली रेडिओशी बसून असत.

एका दुपारी भलामोठा डाग फटीवर आला होता. तांबड्या रंगातली काळी रेघ एकाएकी उजळली. बायकोचा हात हलला असं वाटून मी वळलो; तिचा हात स्थिर होता. त्याच क्षणी खालचा रेडिओ गप्प झाला. खरखरसुद्धा उरली नाही.

सासरे जिना चढून आले. "जावईबापू, काय केलंसा? नावं चालली हुती."

मी सांगितलं की सूर्यावर भडका उडाला आहे, त्यामुळे रेडिओच्या लहरी पोचत नाहीत, थोड्या वेळानं आवाज येईल. त्यांनी यंत्राला डोळा लावला आणि बराच वेळ तो हलवला नाही.

"ह्यो भडका ब्रह्मदेशात बी दिसत असंल?"

मी हो म्हणालो.

"तिकडनं कोनतरी बघतंय," ते हलकेच म्हणाले.

मग खालच्या रिकाम्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला. ते धडपडत उतरले. रेडिओ परत लागला होता. नावं संपून बातम्या चालू होत्या. त्यांनी बटण फिरवून तो बंद केला.

त्यानंतर आरसा तेच फिरवू लागले. सुट्टी संपताना मी यंत्र खोललं, तेव्हा त्यांनी आरसा मागून घेतला.

दिवाळीला आम्ही भर दुपारी पोचलो. मुलाची काही खबर नव्हती. सासूबाईंनी बंद रेडिओशेजारून नुसतं वर बोट दाखवलं. माळ्यावर अंधार होता आणि भिंतीवर उजेडाची चकती, जराही न हलणारी; सासरे आरसा फिरवत बसले होते. मी हाक मारली, तर त्यांनी मागे न बघता हात वर करून मला गप्प केलं. ते काहीतरी ऐकत होते.