लेसिएलीचा अंगठा

लेसिएलीकडे भट्टी लागली आहे हे रविवारी चर्चमध्ये बसल्या बसल्या वासावरून कळायचं. प्रवचन लांबलं की पुरुष मंडळी चुळबुळायची आणि बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. अळूच्या पानांत चरबीचं मटण, कांदा आणि नारळाचं घट्ट दूध बांधून ती जे लू करायची, तसं आमच्या टोंगाटापू बेटावर दुसरं कुणी करत नसेल. जमिनीतली भट्टी पेटवायला पुतणे असत, पण पुड्या बांधायच्या त्या तिनंच.

मी हापाईच्या बेटावरून सून होऊन या गावात आले, तेव्हा कुंपणापाशी येऊन तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "कॉलेजात शिकवलं वाटतं पुष्कळ. जेवायला घालायचं मात्र विसरले!" आणि संध्याकाळी वाफाळती पुडी घेऊन हजर. तेव्हापासून मी तिची 'कॉलेजवाली'.

तिनं लग्न केलं नाही. आईचं दुखणं काढता काढता वय निघून गेलं. धाकटा भाऊ सातेकी त्याच अंगणात पलीकडच्या घरात राहायचा. त्याला मुलगी झाली, तिचं नाव लेसिएलीनंच ठेवलं: लोसालिने. दूध सुटल्यावर तिनं पोर आपल्याकडे मागितली. आत्यानं मागितलं आणि भावानं दिलं नाही असं आमच्याकडे घडत नाही. भाऊ वयात आला की बहिणीबरोबर एका खोलीत बसत नाही, तिच्या देखत वेडंवाकडं बोलत नाही, आणि तिला 'नको' तर जन्मात म्हणत नाही. ओट्यावर बहीण दिसली की सातेकी एवढा आडदांड गडी, पण मान खाली घालून मागच्या मागे फिरायचा.

लोसा होती किरकोळ. खायची चिमणीसारखी, धावायची सशासारखी. "ही एकदा भरली की मी मरायला मोकळी," असं लेसिएली येता-जाता म्हणायची. गावात लोक हाडं दिसणाऱ्या पोराकडे बघत नाहीत, त्याला सांभाळणारीकडे बघतात. आणि ज्या बाईच्या हातचं खाऊन गाव ढेकर देतं, तिच्याच घरातली पोर वाळकी, हे तिला फार लागायचं.

मग लोसा पाचेक वर्षांची असताना भरायला लागली. आधी गाल, मग पोटऱ्या. चर्चच्या दारात बायका तिचे गाल ओढायच्या. "लेसिएली, शेवटी लागला गं तुझा हात अंगी!" लेसिएली वरवर म्हणायची, "दृष्ट लावू नका मेल्यांनो," पण चालताना तिची मान ताठ व्हायची.

मे महिन्यातला मुलांचा रविवार आला. पोरं पांढऱ्या कपड्यांत वचनं म्हणतात, आणि त्या दिवशी आधी पोरांची पंगत, मोठी माणसं मागे उभी राहून वाढतात. लोसाचा झगा पाठीत मिटेना. लेसिएली ओठ दातांत धरून शिवण उसवत होती आणि मला म्हणत होती, "बघ, परत उसवते! किती वेळा उसवायचं ते उसवेन, पण कापड संपेपर्यंत वाढू दे."

लोसानं वचन धडाधड म्हटलं, शेवटची ओळ विसरली, तिथं आत्याकडे बघून हसली. पंगतीला बसल्यावर ती काही खाईना. बूट टोचतात म्हणाली. मी खाली बसून तिचे मोजे काढले. मोज्याच्या काठाचा वळ पोटरीत बोटभर खोल रुतला होता. नडगीवर मी अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत पडावा तसा खळगा पडला, आणि तसाच राहिला.

"लेसिएली," मी म्हटलं, "ही चरबी नाही. हे पाणी आहे."

"गप गं. शिकलेल्यांना कुणाचं बरं बघवत नाही."

पण तिनं स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. मग दुसऱ्या पायावर. हातातलं ताट तिनं तसंच जमिनीवर ठेवलं.

शहरातल्या इस्पितळात रक्त काढलं. तालिता डॉक्टर आमच्यातलीच, तरुण, फिजीला शिकून आलेली. तिनं नळी उजेडात धरली. खाली लाल गोठलेलं, आणि वर पाण्यासारखं पिवळसर असायचं तिथं पांढुरकं, दुधाळ. लेसिएली खाटेशी बसून लोसाचे केस विंचरत होती. ती नळी तिनंही पाहिली.

काय खायचं आणि काय नाही, ते डॉक्टरनं बाहेर आई-बापाला सांगितलं. मीठ बंद. डब्यातलं मांस बंद. चरबी आणि नारळाचं दूध जवळजवळ बंद. सातेकी मान हलवत राहिला. लेसिएली आत होती. तिला कळलं ते एवढंच, की गोळ्या चुकवायच्या नाहीत.

गोळ्यांनी सूज उतरली, आणि पाण्याखालची लोसा वर आली. पाय काटक्यांसारखे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्यात त्या गोळ्यांनी भूक खवळते. "आत्या, अजून दे," असं ही पोर आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती. गाव म्हणालं, इस्पितळानं पोर सुकवली. लेसिएलीनं भट्टीवर भट्टी लावली. अंगणापलीकडे वास जायचा, आणि सातेकी दारात यायचा, बघायचा, आत जायचा. डॉक्टरचे शब्द त्याच्या तोंडात होते, पण बहिणीला 'नको' म्हणायला जीभ उचलायची कशी?

शेवटी त्याची बायको मेलिआमे माझ्याकडे आली. "वहिनी, तुम्ही सांगा. मी तर धाकटी भावजय. बोलले तर भिंत अंगावर येईल. आणि ते... ते नुसते रडतात."

मी सांगितलं. लेसिएली कोनफळं सोलत बसली होती. हातातली सुरी थांबली.

"सातेकीला ठाऊक होतं?"

"हो."

तिनं अर्धं सोललेलं कोनफळ खाली ठेवलं. मग म्हणाली, "बिचारा." रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती तालिता डॉक्टरकडे गेली. खुर्चीवर बसेचना. "ते पांढरं मी घातलं का तिच्या रक्तात? खरं सांग, पोरी."

"नाही, मावशी. नुसती उकडलेली केळी खाल्ली असती तरी ते आलंच असतं. तिच्या मूत्रपिंडाची चाळणी ढिली झालीय. रक्तातलं सत्त्व लघवीतून वाहून जातं. यकृताला वाटतं, घरात काहीच उरलं नाही, पोर उपाशी आहे. म्हणून ते वेड्यासारखं नवं सत्त्व करत सुटतं, आणि त्या भरात चरबीही ओतत राहतं. ती चरबी मग रक्तातून लवकर हटतही नाही."

"पोर उपाशी आहे असं वाटून?"

"हो."

"म्हणजे माझ्यासारखंच," लेसिएली म्हणाली.

डॉक्टरनं तिचा हात धरला. वरून घातलं तर भर पडते म्हणून बंद, पण दुखणं तुमच्या हातानं आलेलं नाही, असं परत परत सांगितलं. बसमध्ये मीही तेच सांगत होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जन्मभर नारळ पिळलेत मी. माझं दूध मला ओळखू येत नाही होय?"

त्यानंतर तिच्या घरात नारळ फुटला नाही. लोसाला उकडलेलं, बिनमिठाचं. आणि स्वतःलाही तेच. लोसा रुसायची. "आत्या, लू कर ना."

"कशानं करू? झाड रुसलंय. नारळच देत नाही."

लोसानं मान वर करून झाडाकडे पाहिलं. घोस लटकत होते. "आत्या, तू किती खोटारडी आहेस!"

लेसिएली हसली. मग घरात जाऊन तोंड धुऊन आली.

पोर सुधारली, परत सुजली, परत उतरली. वर्ष असंच सरत आलं. मग एका सकाळी ताप आणि ताठलेलं पोट. या आजारात अंगात लढायची ताकद उरत नाही. पोटात पू झाला होता. पुढचा मुलांचा रविवार यायच्या आधीच लोसा गेली. नवा झगा टाचून ठेवलेला होता. लहान मापाचा.

अंत्यविधीत बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत वरचा. ती उशाशी बसते, बारीक विणीची चटई कमरेला बांधून. उत्तमातल्या उत्तम चटया तिच्यापुढे ठेवतात. फाटक्या, मोठ्या चटया गुंडाळून मागे धुरात राबायचं ते आईकडच्या माणसांनी. सकाळी बघतो तर उशाशी जागा रिकामी. मेलिआमेचे भाऊ मागच्या छपरात नारळ खवत होते, आणि त्यांच्या मधोमध लेसिएली, अंगाभोवती फाटकी चटई, केस मोकळे, दोन्ही हातांनी चोथा पिळत बसलेली. ते बिचारे भेदरून गेले होते. "आत्याबाई, उठा हो, आमच्यावर पाप चढवू नका." ती ऐकतच नव्हती. पाद्रीबाबा येऊन उभे राहिले. मी हाक मारली. नाही.

मग सातेकी आला. जाणता झाल्यापासून बहीण असलेल्या छपराखाली त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. तो तिच्यापुढे राखेत बसला, मान खाली घालून.

"ताई," तो म्हणाला, "उशाशी तू नसलीस तर तिला न्यायची कशी?"

"मी घातलं, सातेकी. पुड्या बांधून घातलं."

"तू घातलंस. मला ठाऊक असून मी बोललो नाही. पण डॉक्टर म्हणाली, दुखणं आपल्या कुणाचं नाही." त्याचा आवाज फाटला. "ती तुझीच होती, ताई. चल."

त्यानं भांडं तिच्या हातांतून काढून घेतलं. भावानं बहिणीच्या हाताला हात लावलेला छपरातल्या सगळ्यांनी पाहिला, आणि सगळे जमिनीकडे बघू लागले.

ती उठली. उशाशी बसली. निरोपाचा मुका घ्यायला वाकली तेव्हा हात लोसाच्या गालाशी नेऊन थांबली. हात चटईला पुसले, परत परत पुसले, आणि मगच गाल धरला.

लू ती आता करत नाही. रविवारी प्रवचन लांबलं तरी कुणी चुळबुळत नाही. चर्च सुटलं की ती पायऱ्यांशी उभी राहते, आणि कुणाचं गुबगुबीत पोर दिसलं की खाली बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबते. सुरुवातीला आया चिडायच्या. "माझ्या बाळाला नजर लावू नकोस!" आता त्याच पोरांना पुढे करतात. पोरं खिदळतात, पाय ओढून घेतात. ती त्यांना धरून ठेवते. अंगठा उचलते, आणि खळगा भरून येईपर्यंत श्वास रोखून बघत राहते.