संपाने वळणारे सुपारीतले देव

आई आमच्याकडे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीला दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि कोविडने विमानंच बंद झाली. तिकडे पुण्यात बाबा एकटे, खिचडीवर. आईचा सगळा जीव तिकडे. घरातल्या झाडून सगळ्या देवांना तिने साकडं घालून घालून दमवलं होतं.

तेवढ्यात माझ्या लेकीला ऑनलाइन शाळेत बॅबिलोनचे देव अभ्यासाला आले. थोरले अनुनाकी, बसून हुकूम सोडणारे. धाकटे इगिगी, कालवे खणून मरणारे. त्यांचं मॉडेल करायचं होतं. दुकानं बंद, माती कुठून आणणार? मी म्हटलं, आपल्याकडे कुठलाही देव सुपारीत बसतो. पाटावर तांदूळ पसरले, वर सुपाऱ्यांचे अनुनाकी, खाली हरभऱ्यांचे इगिगी. लेक फोटोसाठी आयपॅड आणायला गेली.

परत येते तो काय! आई आंघोळ करून आलेली, हळदकुंकू वाहून, गुळाचा नैवेद्य दाखवून मोकळी.

"आजी, दॅट्स माय असाइनमेंट!"

"असू दे. पूजा झाली. आता विसर्जनाशिवाय हलवायचे नाहीत."

मग लेकीने मोडक्यातोडक्या मराठीत त्यांची गोष्ट सांगितली. इगिगी वैतागले, त्यांनी अवजारं जाळली आणि एन्लिल नावाच्या बड्या देवाच्या दारात ठाण मांडलं. शेवटी थोरल्यांनी नमतं घेतलं आणि कामाला माणसं घडवली.

"म्हणजे हे नवसाने नाही, संपाने वळतात होय!" आईने लाटणं पाटासमोर ठेवलं. "विमान मिळेपर्यंत पोळ्या बंद."

अगं, पण एन्लिल कुठे पोळ्या खातो? उपासमार आमची! मी केलेल्या पोळ्या नवरा मुकाट्याने चहात बुडवून मऊ करायचा.

आणि एका दुपारी खरंच सीट मिळाली. आई टाळ्या पिटत नाचली. मी "वा वा" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मेल्या एन्लिला, एवढी कसली घाई होती!

निघायच्या दिवशी आईने सुपाऱ्यांवर अक्षता टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हणाली आणि पाट हलवला. परत या, असं देवांना सांगूनच निरोप द्यायचा, ही आपली रीत. मग ती दाराशी चपला घालायला वाकली, तर उरलेल्या अक्षता मी तिच्याच डोक्यावर टाकल्या.

"अगं, मी काय सुपारी आहे?"

"पुनरागमनाय च," मी म्हटलं.

तिने लाटणं माझ्या हातात दिलं. "येईन. तोवर पोळ्या जरा मऊ करायला शीक."