मुळे सरांचा संशय

मी आज जो काही आहे तो मुळे सरांमुळे. हे वाक्य सरांनी वाचलं, तर चष्मा कपाळावर सारून ते पहिलं विचारतील, “कशावरून?”

मुळे सर आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले आणि राहुरीत राहिले. त्यांचा कशावरच विश्वास नसे. पेपर हातात घेतला की आधी तारीख बघत, पेपरवाल्यानं कालचा टाकला असेल म्हणून. पाटी लावलेल्या एसटीच्या कंडक्टरला ते गाडी कुठं चाललीय हे विचारत, आणि मग शेजारच्या प्रवाशालाही.

मला बारावीनंतर टूल अँड डायचा कोर्स करायचा होता. कारखान्यातल्या वस्तूंचे साचे बनवायची ती विद्या. त्यासाठी ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागे आणि जागा थोड्या असत. नाही जमलं, तर माझे वडील, अण्णा, मला चुलत्यांच्या टेम्पोवर बसवणार होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मुळे सर त्या टेस्टची तयारी ओसरीवर फुकट करून घेतात, असं कळलं आणि मी जाऊ लागलो.

“प्रश्न काढणारा तुझा मित्र नाही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. “तो तुला गाळायला बसलाय.”

एकदा त्यांनी ओळीनं पाच दातेरी चाकांचं चित्र दिलं. पहिलं उजवीकडे फिरलं तर शेवटचं कुठं? आम्ही सगळे ओरडलो, “उजवीकडे!”

“कशावरून? तिसरं चौथ्याला टेकलंय का बघितलं?”

बघितलं. मध्ये केसाएवढी फट होती. शेवटचं चाक फिरणारच नव्हतं.

“झालात ना सगळे नापास? जा घरी, म्हशी राखा,” असं म्हणून त्यांनी लगेच दुसरं चित्र पुढं सरकवलं.

घरी अण्णांना मात्र सरांचाच संशय. “फुकाट कोन शिकवतं रं? कुठं सही-बिही घेतली काय तुझी?” आईनं सरांसाठी पेरू पाठवले, ते सरांनी परत केले. तेव्हा तर अण्णांची खात्रीच पटली. “पेरू बी घेत न्हाई, म्हंजी डोळा मोठ्या कशावर तरी हाय. उद्यापासनं जायचं न्हाई!”

टेस्ट पंधरवड्यावर आली होती. मी रडकुंडीला आलो. शेवटी अण्णा म्हणाले, “चल, मीच इचारतो.”

ओसरीवर पाऊल ठेवताच त्यांनी थेट विचारलं, “मास्तर, राग मानू नका. यात तुमाला काय भेटतं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचा चेहरा मात्र उजळला. “बसा, बसा! इतकी मुलं येऊन गेली, पण हे विचारणारे पालक तुम्ही पहिले. मला तर वाटलं होतं, हा घरी न सांगताच येतो आणि ते पेरूही यानंच कुठून तरी तोडलेत.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. काय भेटतं?”

सरांनी आत बघितलं आणि आवाज खाली आणला. “घरात दिवसभर टीव्ही चालू असतो. मला सहन होत नाही. मुलं आली की ही तो बंद करते.”

अण्णांनी त्यांना बराच वेळ निरखलं. “हां,” ते उठत म्हणाले, “ह्ये पटतंय.”

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा ओसरीवर.

पुढं कोर्स झाला, नोकरी लागली, नोकरी करता करता पदवीही घेतली. पण ते सगळं नंतरचं. टेस्टचा निकाल लागला त्या दिवशी मी सरांना फोन केला नाही. फोनवर मीच बोलतोय हे पटवण्यातच वेळ गेला असता. मी पत्र पाठवलं.

“आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

माझी निवड झाली. यादीत माझं नाव, अण्णांचं नाव आणि जन्मतारीख तिन्ही तपासली आहेत.

सर, टेस्टमध्ये एक लांब पाना होता आणि एक आखूड. घट्ट बसलेला नट कशानं लवकर सुटेल, एवढंच विचारलं होतं. मी त्यात डाव शोधत बसलो. डाव नव्हताच. त्यापायी शेवटचे प्रश्न राहिले आणि यादीत माझं नाव पार तळाला आलं. काही प्रश्न खरंच सोपे असतात, हे पुढच्या मुलांना सांगा.

आणखी एक. तुम्ही सगळ्यावर शंका घ्यायला शिकवलंत. तुमच्यावर घ्यायला मला काही जमलं नाही. तेवढा अभ्यास माझा कच्चा राहिला.

आपला,
संदीप”