बहिरी कोण?

चौथीत असताना आमच्या बाईंनी ठरवून टाकलं की मी बहिरी आहे. कारण काय, तर मी ओरडून बोलते. मी "हजर" म्हटलं की बाजूच्या वर्गातली मुलं दचकत. त्या वर्षी शाळेत तपासणीचं खूळ निघालं होतं. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, ते बाईंनी हेरायचं आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. बाईंनी पहिलं मला हेरलं. मागच्या बाकावर कोण चिंच चोखतंय ते मला न वळता कळायचं, आणि म्हणे मी बहिरी! अस्सा राग आला.

रागापेक्षा भीती मोठी होती. बहिऱ्या मुलांची शाळा वेगळी असते, असं वर्गातल्या सगळ्यांनी मला आनंदाने सांगितलं. म्हणजे माझी शाळा सुटणार, बाकावरची मैत्रीणही सुटणार.

"बहिरी? ही?" आई म्हणाली. आमचं घर खोपटला एसटी डेपोच्या मागे. तिचं बोलणं डेपोतल्या ड्रायव्हरांनीही ऐकलं असणार. आमच्याकडे सगळे असंच बोलत. कुणी नुसतं मीठ मागितलं तरी शेजारच्यांना भांडण जुंपलंय असं वाटे.

बाबा कारखान्यात पत्रा ठोकायच्या मशीनवर होते. रजा टाकून तेच मला घेऊन गेले. डॉक्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाबाही हौसेने शेजारी बसले. मागून डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "खुर्चीखाली झुरळ आहे."

मी किंचाळत टेबलावर चढले. बाबा शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"काका, तुमच्या पायावर चढतंय."

बाबा कॅलेंडरच वाचत होते.

"मुलीचे कान उत्तम आहेत, यंत्र तुम्हाला लागेल," हे बाबांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा डॉक्टर थेट आमच्या घरातल्यासारखे बोलले.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही बाबांसाठी ओरडत होतो आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाबांच्याही नाही.

माझी शाळा वाचली. बाबांना यंत्र आलं, खिशात डबी आणि कानात वायर. पहिल्याच संध्याकाळी आई नेहमीसारखी म्हणाली, "अहो, जेवायला चला!"

बाबा कान धरून उठले. "अगं, केवढ्यानं! मी काय बहिरा आहे?"

मग यंत्र कपाटात गेलं. मी धडा वाचायला बसले की मात्र बाबा ते काढत, कानात घालत आणि आईला गप्प बसवत. हळू वाचायला मी तेव्हा शिकले. मला ते शिकवणं बाईंना कधीच जमलं नव्हतं.