जिवंत माणसाचं बारसं

सुट्टी संपवून ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघालो, तेव्हा नरडाण्याच्या फलाटावर मी भाऊला चार कामं सांगितली. मोट दुरुस्त करायची, बियाण्याची सरकी आपल्याच शेतातली राखायची, माझ्या बायकोला आखाजीच्या सणाला एदलाबादला माहेरी पाठवायचं. चौथं काम दोनदा सांगितलं. वडील गेल्यापासून घरात थोरल्या भाऊचाच शब्द चाले, आणि विमानदलातून घरी ‘बेपत्ता’ अशी तार जाते हे मी पाहिलं होतं.

“बेपत्ता म्हणजे मेला नाही. बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, तेवढी बघ. तोवर माझं काही करू नको.”

“आरे येडा, कसाले इतलं बोलस?” भाऊने माझी ट्रंक डब्यात चढवली. “बारा नही, चोवीस वरीस वाट देखसू. जाय.”

आमचं बाँबर दोन माणसांचं. पुढे वैमानिक साहेब, मागे शेपटीकडे तोंड करून मी, मशिनगन आणि वायरलेस सांभाळायला. सूर मारून बाँब टाकायचे आणि वर निघायचं. त्या सुरात खालचा शत्रू मला कधी दिसला नाही. मागे सुटत गेलेलं आकाशच काय ते दिसे.

एका सकाळी वर येताना इंजिनावर गोळा बसला. साहेबांनी विमान भाताच्या शेतात पोटावर उतरवलं, पण ते स्वतः वाचले नाहीत. जवळच्या गावातल्या लोकांनी मला भात वाढला, पायाला पाला बांधला आणि संध्याकाळी जपान्यांच्या हवाली केलं. त्यांचा राग मी फार दिवस धरला नाही. त्यांना मुलंबाळं होती, आणि त्यांनी मला शब्द दिलेला नव्हता.

रंगूनच्या तुरुंगात शेजारच्या कोठडीत एक अमेरिकन होता, चार इंजिनांच्या मोठ्या बाँबरवरचा मशिनगनवाला. शौचाचे डबे रिकामे करायला आम्हाला बरोबरच नेत, तेव्हा दबक्या आवाजात चार वाक्यं होत. त्यातही पहाऱ्यावरचा पाठमोरा असला तर.

“तू जिवंत आहेस हे तुझ्या घरी माहीत आहे?” त्याने एकदा विचारलं.

“नाही. पण ते वाट बघतायत.”

“कशावरून?”

“भावाचा शब्द आहे. बारा वर्षांचा.”

तो हसला. “माझी मैत्रीण बारा आठवडे थांबली असली तरी पुष्कळ झालं.”

“मग तू घाई कर,” मी म्हटलं. “मला वेळ आहे.”

पाय सुजून खांबासारखे झाले, तेव्हा मी पडल्या पडल्या शेतातली कामं लावत असे. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं, बांध कुठे घालायचा, गोठ्याची कुठली बाजू आधी शाकारायची. घरचं सगळंच मनात उलटंपालटं करून पाहिलं, फक्त भाऊच्या शब्दाकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. ते काम झालेलं होतं.

शेवटी जपानी तुरुंग सोडून गेले. कलकत्त्याच्या इस्पितळातून मी घरी तार केली आणि चालता येऊ लागल्यावर गाडी धरली. भाऊ बैलगाडी घेऊन स्टेशनवर आला होता. मला मिठी मारून रडला. पण गावाजवळ आल्यावर त्याने गाडी घराकडे न घेता शिवेवरच्या देवळाकडे वळवली.

“आते लगेच घर जाता येत नही,” तो म्हणाला, आणि बैलांकडे बघत बाकीचं सांगितलं.

त्याच्या मुलीची सोयरीक शिंदखेड्याला जमली होती. मुलाकडचे म्हणाले, ज्या घरात एक माणूस ना जिवंत ना मेलेला, त्या घरची मुलगी कशी करायची? मग भाऊने पळसाच्या पानांचा पुतळा केला, तापीकाठी त्याला माझ्या नावाने अग्नी दिला, दहावं-तेरावं उरकलं आणि मुलगी उजवली. बेपत्ता झाल्याची तार आल्यावर एक दिवाळीसुद्धा त्याने जाऊ दिली नव्हती. माझ्या बायकोच्या बांगड्या फोडल्या आणि तिचा भाऊ तिला एदलाबादला घेऊन गेला.

ज्याचं तेरावं झालं तो परत आला, तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा, अशी रीत. त्याला न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मग त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. त्याशिवाय तिच्या माहेरचे तिला पाठवणार नव्हते. तिच्यासाठी मी हो म्हटलं आणि काय काय लागेल ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बारसं झालं. वडिलांच्या जागी भाऊ बसला आणि त्याच्या मांडीवर मी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“बाळले मिशा शेतस व!”

“आनि बापले दात नहीत.”

भाऊही हसला. त्याचं तोंड माझ्या कानाजवळ होतं, म्हणून मी हळूच म्हटलं, “एक दिवाळी तरी थांबायचं, भाऊ.”

“तू उना तं बारसं करी लिसूत, भटजीनी तवाच सांगं व्हतं,” तो तितक्याच हळू म्हणाला. “पोरनं लगीन मोडतं, त्याले कोनतं बारसं शे?”

म्हणजे पुतळ्याला अग्नी देताना मी मेलो याची त्याला खात्री नव्हती. मी परत येऊ शकतो, हे त्याने हिशेबात धरलं होतं. सोय आहे, म्हणून शब्द मोडला होता.

आत्याने वाकून माझ्या कानात नाव सांगितलं, जुनंच. मी मांडीवरून उठलो. घुगऱ्या वाटून झाल्यावर भाऊ म्हणाला, “चाल, घर जाऊत.” मी त्याला स्टेशनवर सोडायला सांगितलं. वाटेत आम्ही कपाशीच्या भावाबद्दल बोललो.

एदलाबादला लग्न लावून मी बायकोला घेतलं आणि जळगावात बिऱ्हाड केलं. भाऊ येत-जात राहिला. त्याचं दवाखान्याचं, कचेरीचं काम निघालं की मीच करत असे. पुतणीच्या मुलांना शाळेत मीच घातलं. भाऊचा शब्द मात्र पुन्हा कशासाठीही घेतला नाही.