आबांची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच — तिला कोणत्या तोंडानं सांगणार? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आबांना ओळखत नव्हता.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमची अख्खी गल्ली आबाशास्त्री वैद्यांच्या औषधावर वाढली. त्यांना दरबारचं वर्षासन होतं, म्हणून फी घेत नसत. दसऱ्याला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे घराघरांतून गहू, तूप पोचायचं. आजाऱ्याचं नाव मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही. नाव कागदावर चढलं की दुखणं घरात ठाण मांडतं, असं म्हणायचे. आम्ही हसायचो, पण एकानंही त्यांना वही आणून दिली नाही.

मग संस्थान विलीन झालं. वर्षासन बंद झालं. दरबारच्या दवाखान्यात फुकट मिळणारं औषध चिठ्ठी घेऊन बाजारातून आणावं लागू लागलं. आणि नियम आला — वैद्यांनी नोंदणी करायची. पदवी नसेल तर वर्षानुवर्षं औषध देत असल्याचा पुरावा द्यायचा. आबांकडे कसला पुरावा? नोंदणी कचेरीतले साहेब म्हणाले, दोन साक्षीदार आणा. एक देवळातले म्हातारे पुजारी झाले. दुसरा मी.

मीच का? माझी मुलगी मुदतीच्या तापानं पडली होती, तेव्हा आबा एकवीस दिवस आमच्या घरी येऊन बसले होते. मात्रा उगाळून तिच्या जिभेला स्वतः लावायचे. आमचं घराणं फौजेतलं, मी मात्र दरबारच्या दवाखान्यात कंपाउंडर. इंग्रजी औषधवाला माणूस आपल्या बाजूनं बोलला तर वजन पडेल, असं त्यांना वाटलं असणार.

आता खरं सांगतो. त्याच साहेबांच्या टेबलावर माझाही अर्ज होता. नई सडकेवर औषधांचं दुकान टाकायचं होतं, त्याच्या परवान्याचा. वैद्याची बाजू घेतली तर परवाना अडेल असं मला कुणी म्हणालं का? नाही. मी घाबरलो होतो, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच. आबांचं दार बंद झालं तर गल्ली कुणाकडे येईल, हे मी कचेरीची पायरी चढतानाच ताडलं होतं.

साहेबांनी विचारलं, “आपने या आपके परिवार ने कभी इनकी दवा ली है?”

“जी नहीं,” मी म्हणालो.

एवढंच. आबांना जाऊन सांगितलं की साहेबांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खल धुऊन पालथा घातला, आणि मग चोरून एक पुडीसुद्धा कुणाला दिली नाही.

गल्ली माझ्याकडे आली. दुकान चाललं — छान चाललं. नव्या औषधांनी माणसं वाचली, ते नाकारत नाही. पण ज्यांना ती परवडत नव्हती त्यांचं काय? नोकरीतून कमी केलेल्या एका दरबारी कारकुनाची बायको टोपी बाजारात घंगाळ विकून आली आणि अर्ध्याच गोळ्या घेऊन गेली. तिचं पोर गेलं. तीही म्हणाली होती, आबांनी पाठवलंय. सगळेच म्हणायचे. दारात आलेल्या प्रत्येकाला आबा सांगत, गणपतकडे जा, तो फसवायचा नाही. दुकान जावयाच्या हाती दिलं, तरी दुपारी डोळा लागला की मला तेच ऐकू येतं. उठून बसतो. बायको विचारते, काय झालं? काय सांगू?

आबा गेले. तेराव्याला गेलो, आणि काहीतरी बोलायचं म्हणून आबांच्या बायकोला, काकूंना म्हणालो, त्या नोंदणीचं जमलं असतं तर बरं झालं असतं.

काकू म्हणाल्या, “हे त्या दिवशी तिथेच होते, गणपत. कचेरीच्या मागल्या बाजूला, बाकावर. खिडकी खुली होती. घरी आले नि म्हणाले, त्याची पोर लहान आहे, कुणाजवळ बोलू नको.”

मग सुनेला त्यांनी माझं पान वाढायला सांगितलं. मी बसलो. जेवलो.