सुईखालचं बोट

लग्नाच्या पंगतीत, स्टेशनवर गाडीची वाट पाहताना, न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असतानासुद्धा मी गोष्टी सांगत आलो आहे. पण ही एक मी कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. म्हणजे — सांगितली आहे, शंभरदा सांगितली आहे, पण खोटी. खरी आज पहिल्यांदा सांगतो. जरा जवळ सरका.

कुंभकोणमला माझं जुन्या शिलाई मशीनचं दुकान आहे. गावोगाव हिंडून मेलेली मशीनं आणायची, जिवंत करायची, विकायची. नाजूक काम वाटतं ना? छे! मारामारी आहे ती. इन्नंबूरच्या एका गोठ्यात वीस वर्षं पडलेलं मशीन मी आणलं होतं — गंजून दगड झालेलं. आठ दिवस त्याला रॉकेल पाजलं. चाकाखाली आग धरली. मग मध्ये लाकडी ठोकळा ठेवून हातोडा. तरी हलेना, तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, लाथ घातली, अंगठ्याचं नख सोलवटून घेतलं. शेवटी आत कुठेतरी हाड मोडावं तसा कडाड आवाज झाला आणि चाक फिरलं. काय सुख असतं म्हणून सांगू त्या आवाजात!

असं मशीन मग नटेसनच्या हाती जायचं. नटेसन देवांच्या तसबिरींना सोन्याचा वर्ख लावणारा कारागीर. दुपारी तो माझ्याकडे येई आणि मशीनच्या काळ्या अंगावरची झिजलेली वेलबुट्टी वर्खानं पुन्हा उमटवी. शेवटचा हात बोटाचा. कापडानं सोनं ओरबाडलं जातं, म्हणून उजव्या हाताच्या उघड्या बोटानं तो रेघ न् रेघ चमकवायचा — पार सुईखालच्या पत्र्यापर्यंत. म्हणजे बोट सुईखाली घालणं आलं. त्यासाठी आमचा एक नियम होता: आधी खालच्या मोठ्या चाकावरचा चामडी पट्टा उतरवायचा. पट्टा नसला की पायडल कितीही दाबा, सुई जागची हलत नाही. तो पट्टा नटेसन स्वतः उतरवायचा.

आता मी मांडवात सांगतो ती गोष्ट ऐका. "कलावंत माणूस! डोक्यात वेली, पट्टा कुठला आठवतोय! मी गरीब आपला खाली बसून पायडलला तेल घालतोय, जरा दाबून बघतोय — आणि खच्च!" इथे मी उडी मारतो. नटेसन समोर असला तर नेमका तेव्हाच आपलं तोकडं बोट वर करतो. मांडव हसून लोळतो. नटेसनही हसतो.

आणि खरं काय झालं?

सत्त्याऐंशी साल होतं. मेलकावेरीच्या एक डॉक्टरीणबाई ते इन्नंबूरचं मशीन बघायला आल्या. चाक त्यांनी फिरवूनसुद्धा पाहिलं नाही. वेलीवरून हात फिरवत विचारलं, "हे कोणी केलं?" नटेसननं मान झुकवली. बाईंनी त्याला चक्क हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हे कोण?"

"हे रावजी," नटेसन म्हणाला. "हे तेल घालतात."

बाई हसल्या. शेजारचा कॉफीवाला दारात उभा होता, तो ओरडला, "या या, तेलराव!" — आणि रस्त्यावरचे दोघे-चौघेही हसले. मी नटेसनच्या टकलाची रोज टर उडवत होतो. त्यानं एकदा परतफेड केली, एवढंच. पण दुसऱ्यांना हसवणारा माणूस मी. मला हसलेलं मला सोसत नाही. कानशिलं तापली. हातोडा हातात होता, तो मी खाली ठेवला.

एक रेघ बाकी होती. बाई संध्याकाळी मशीन न्यायला येणार होत्या. नटेसननं पट्टा उतरवला — मी डोळ्यांनी पाहिलं — आणि तो कॉफी प्यायला गेला. तो गेल्यावर मी पट्टा परत चढवला.

कशासाठी? नुसतं दचकवायला, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. पण सुई? सकाळीच मी जाड सुई बसवली होती, कातडं शिवायची. दचकवायचंच होतं तर ती काढायला एक स्क्रू सैल केला की झालं. माझा हात त्या स्क्रूपर्यंत गेला होता. तिथून तो मागे आला. हे मला लख्ख आठवतं.

नटेसन आला, गुणगुणत बसला. मी तेलाचा डबा घेऊन खाली उकिडवा. बोट पुरतं आत जाईपर्यंत मी थांबलो, आणि दोन्ही हातांनी पायडल दाबलं. चाक मी इतकं हलकं केलं होतं की एका दाबात सुई दोनदा खाली आली. एकदा नखातून. दुसऱ्यांदा हाडात — आणि तिथेच मोडली.

तो किंचाळला नाही. रक्त सोन्यावर ओघळताना बघून "रेघ... रेघ पुसा" म्हणाला. मी पक्कड घेतली, गुडघ्यानं त्याचं मनगट दाबून धरलं आणि तुकडा ओढला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा निघाला. मग त्यानं वाकून खाली पाहिलं. "पट्टा?"

"विसरलास, नटेसा."

त्याचा विश्वास बसला. रक्ताळलेल्या हातानं त्यानं माझा हात धरला. "चुकलं रावजी, मशीन घाण केलं."

पंधरा दिवसांत बोट काळं पडलं. दोन पेरं कापली. वर्खाचा पापुद्रा तेवढ्या खुंटानं उचलता येत नाही. तसबिरींचं काम गेलं. एवढंसं लक्ष ठेवता येत नाही म्हणून त्याची बायको त्याला आजही टोचते. मी त्याला दुकानात ठेवून घेतलं. तो आता मशीनना तेल घालतो. रावजींचं मन मोठं, असं लोक म्हणतात, आणि मी मान लववतो.

गेल्या महिन्यात पापनाशमच्या लग्नात मी गोष्ट संपवली, तेव्हा एका चिमुरडीनं त्याचा तो खुंट हातात धरून विचारलं, "दुखलं का, मामा?" तो म्हणाला, "माझीच चूक होती, अम्मा." मी शेजारीच उभा होतो, तोंडात विडा. मी मान डोलावली.

घराबाहेर मी जन्मभर तमिळच बोललो. नटेसनला मराठीचं अक्षर येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्या मराठी गल्लीतली पोरं घरात मराठी बोलतात, पण वाचता एकालाही येत नाही. त्याला हे वाचून दाखवील असं इथे कोणी उरलेलं नाही. म्हणून हे मी मराठीत लिहिलं.